वर्ग, वस्तू आणि कोयता

संगणक हा विषय विज्ञान शाखेचा आणि कविता, इतिहास, समाजशास्त्र हे विषय कला शाखेचे, अशी वाटणी आपण मनातल्या मनात केव्हाच करून टाकली आहे. वाटणी झाली की बांध पडतो, आणि बांध पडला की पलीकडच्या शेतात काय पेरले आहे हे पाहण्याचीही गरज वाटेनाशी होते. या लेखात मला तो बांध ओलांडायचा आहे. विषय वरवर पाहता रुक्ष आहे. संगणकाच्या भाषेचा कंपायलर 'क्लास' आणि 'ऑब्जेक्ट', म्हणजे वर्ग आणि वस्तू, या दोन मूलभूत कल्पना नीट पाळतो की नाही हे कसे तपासतात, एवढाच तो विषय. परंतु माझे मत असे आहे की, या तपासणीची अर्धी बाजू तंत्रज्ञांची आहे आणि उरलेली अर्धी आपल्यासारख्यांची. तंत्रज्ञांनी आपली बाजू बऱ्यापैकी सांभाळली आहे. आपण आपली बाजू अजून हातातच घेतलेली नाही.

प्रथम कंपायलर म्हणजे काय ते पाहू. माणूस आज्ञावली लिहितो ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला कळतात ते फक्त शून्य आणि एक यांचे समूह. या दोघांमधला दुभाषी म्हणजे कंपायलर. कोर्टात साक्षीदार खरे बोलतो आहे, न्यायाधीशही न्यायी आहे, पण मधला दुभाषी चुकीचे सांगतो आहे, अशी कल्पना करा. निरपराध माणसाला शिक्षा होईल आणि कोणाचेच खोटे पकडले जाणार नाही. कंपायलरची चूक अशीच असते. आज्ञावली लिहिणारा आपले लिखाण दहा वेळा तपासतो, त्यात दोष सापडत नाही, आणि उत्तर मात्र चुकलेले असते. बँकेचा हिशेब, रेल्वेचे आरक्षण, आपला परीक्षेचा निकाल, हे सारे कोणत्या ना कोणत्या दुभाष्याच्या हातून गेलेले असते. म्हणून दुभाष्याचीच परीक्षा घेणे हे महत्त्वाचे काम ठरते.

आता वर्ग आणि वस्तू. मराठी व्याकरण शिकलेल्या कोणालाही ही कल्पना परकी वाटू नये. 'नदी' हे सामान्यनाम, 'बिंदुसरा' हे विशेषनाम. 'नदी' या शब्दात सर्व नद्यांना समान असलेले गुण येतात; बिंदुसरा मात्र आपल्या बीड शहरातून वाहणारी एकच. संगणकाच्या भाषेत 'वर्ग' म्हणजे सामान्यनामासारखी एक व्याख्या आणि 'वस्तू' म्हणजे त्या व्याख्येप्रमाणे प्रत्यक्ष तयार झालेली एक एक चीज. 'विद्यार्थी' हा वर्ग लिहिला की त्यात नाव, हजेरी क्रमांक, गुण अशा जागा ठरतात. तुम्ही आणि मी त्या वर्गाच्या दोन वस्तू. आपल्याकडच्या न्यायशास्त्रानेही हा विचार फार पूर्वी केला. शब्दाचा अर्थ एकटी व्यक्ती, एकटा आकार की एकटी जाती, असा वाद मांडून गौतमाच्या न्यायसूत्रांनी या तिन्हींना अर्थात स्थान दिले. तिथली 'जाती' म्हणजे सर्व गाईंमधले गाईपण. आपल्या गावात 'जात' या शब्दाला कोणता अर्थ चिकटला आहे हे मी सांगायला नको.

संगणकाच्या भाषेत हा विचार आणला तो नॉर्वे या छोट्या देशातल्या दोघांनी, ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी. ओस्लो येथील नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये काम करताना त्यांनी 'सिम्युला' ही भाषा घडवली आणि १९६७ सालच्या तिच्या रूपात वर्ग व वस्तू या कल्पना स्पष्टपणे आल्या. प्रत्यक्ष जगातल्या रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामे यांची नक्कल संगणकावर करून पाहावी हा त्यांचा हेतू होता. पुढे डेन्मार्कच्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 'सी' या भाषेला वर्गांची जोड देण्यास प्रारंभ केला, आणि १९८३ साली तिला 'सी प्लस प्लस' हे नाव मिळाले. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी 'जीसीसी' हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. त्याच वर्षाच्या अखेरीस मायकेल टीमन यांनी त्याची सी प्लस प्लस आवृत्तीही उपलब्ध करून दिली. हा कंपायलर आजही विनामूल्य मिळतो. आपल्या महाराष्ट्रातही या विषयाचे जाणकार आहेत. मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक उदय खेडकर यांनी याच जीसीसीच्या अभ्यासासाठी केंद्र चालवले आणि अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांच्यासह कंपायलरच्या विश्लेषणशास्त्रावर २००९ साली ग्रंथ लिहिला. तेव्हा हे ज्ञान सातासमुद्रापलीकडचेच आहे असे समजण्याचे कारण नाही.

माझा मावसभाऊ पुण्याला अभियांत्रिकी शिकतो. दिवाळीच्या सुटीत त्याच्याकडून मी सी प्लस प्लसची तोंडओळख करून घेतली आणि नंतर संगणक कक्षात बसून काही छोट्या परीक्षा स्वतः करून पाहिल्या. त्या इथे सांगते. त्यांना गणित फारसे लागत नाही. नीट विचार मात्र लागतो.

पहिली परीक्षा अगदी साधी. ज्यात काहीच नाही असा रिकामा वर्ग लिहायचा आणि त्याची एक वस्तू तयार करायची. कंपायलरने ते मुकाट्याने स्वीकारले पाहिजे. नंतर विचारायचे, या वस्तूने किती जागा घेतली? माझ्या अंदाजाने शून्य यायला हवे होते, कारण आत काही नाहीच. उत्तर आले एक बाइट. भावाने कारण सांगितले ते मला फार आवडले. सी प्लस प्लसचा नियमच असा की अशी स्वतंत्र वस्तू कितीही रिकामी असली तरी तिला थोडी का होईना जागा मिळालीच पाहिजे. कारण जागा नसेल तर पत्ता नाही, आणि पत्ता नसेल तर एकाच वर्गाच्या दोन रिकाम्या वस्तू वेगळ्या ओळखता येणार नाहीत. ज्याच्याकडे काही नाही त्यालाही स्वतःचा पत्ता असलाच पाहिजे, हा नियम यंत्रासाठी करून ठेवलेला आहे!

दुसरी परीक्षा वेगळेपणाची. एकाच वर्गाच्या दोन वस्तू करायच्या, दोन्हींत वेगवेगळे आकडे ठेवायचे, मग एकीतला बदलायचा आणि दुसरीतला पुन्हा वाचायचा. दुसरीतला आकडा हलता कामा नये. हे इतके उघड वाटते की तपासायचे काय, असे कोणी म्हणेल. पण कंपायलरने दोघींना चुकून एकच जागा दिली तर एकीचे गुण दुसरीच्या नावावर जातील. तपासण्यासारखे काही नाही असे जिथे वाटते तिथेच आधी तपासावे, हा या विद्येचा पहिला धडा.

तिसरी परीक्षा जन्म आणि मृत्यू यांची. वस्तू तयार होताना एक ठरलेले काम एकदाच व्हावे आणि ती संपताना दुसरे ठरलेले काम एकदाच व्हावे. त्यातही क्रम आहे. एका कामात तीन वस्तू एकामागून एक तयार झाल्या असतील तर त्या उलट क्रमाने संपतात. आपल्या घरातली उतरंड आठवा. शेवटी ठेवलेले मडके आधी काढावे लागते. खालचे आधी ओढले तर सगळी उतरंड कोसळते. कंपायलर हा क्रम पाळतो का, हे तपासायला प्रत्येक वस्तूकडून जन्मताना व संपताना आपले नाव छापून घ्यायचे आणि छापलेला क्रम आपण आधी कागदावर लिहून ठेवलेल्या क्रमाशी ताडून पाहायचा.

'आधी कागदावर लिहून' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. उत्तर पाहिल्यावर 'हो, असेच यायला हवे होते' म्हणणे फार सोपे असते. म्हणून परीक्षेला बसण्यापूर्वीच अपेक्षित उत्तर लिहून ठेवायचे, हा दंडक आहे. निवडणुकीनंतर भाकीत सांगणारे आपल्या पारावर पुष्कळ असतात. मतदानापूर्वी चिठ्ठी लिहून ठेवणारा एखादाच.

चौथी परीक्षा वारशाची. 'विद्यार्थी' या वर्गापासून 'वसतिगृहातील विद्यार्थी' असा उपवर्ग काढायचा. मूळ वर्गातले नाव, क्रमांक त्याला आपोआप मिळतात. पण 'पत्ता सांग' असे विचारल्यावर मूळ वर्ग घरचा पत्ता सांगतो आणि उपवर्ग खोली क्रमांक. आता दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांची एकच यादी केली आणि प्रत्येकाला 'पत्ता सांग' म्हटले, तर यादीवर सरसकट 'विद्यार्थी' असे लिहिले असले तरी प्रत्येकाने आपापल्या परीने उत्तर दिले पाहिजे. भाषेत तशी तरतूद सांगून ठेवावी लागते. सांगितल्यावर कंपायलरने ती पाळली की नाही ते पाहायचे. सगळ्यांना एका नावाखाली बोलवावे, पण उत्तर ज्याचे त्याला देऊ द्यावे, असे या परीक्षेचे सार आहे.

पाचवी परीक्षा नकाराची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. वर्गातल्या काही गोष्टी खाजगी ठरवता येतात. बाहेरच्या कोणी त्यांना हात लावू नये. तेव्हा मुद्दाम एक चुकीची आज्ञावली लिहायची, तिच्यात बाहेरून खाजगी आकडा बदलण्याचा प्रयत्न करायचा, आणि कंपायलर 'नाही' म्हणतो का ते पाहायचे. त्याने 'नाही' म्हटले तर तो उत्तीर्ण. निमूटपणे हो म्हटले तर अनुत्तीर्ण, मग बाकीच्या शंभर परीक्षा तो पास झालेला असो. जीसीसीच्या तपासणी संग्रहात अशा मुद्दाम चुकीच्या छोट्या छोट्या आज्ञावल्या जपून ठेवल्या आहेत आणि कोणत्या ओळीवर कंपायलरने हरकत घ्यावी हे त्यांतच लिहून ठेवलेले असते. आपल्या शिक्षणात बरोबर उत्तराला गुण आहेत. चुकीच्या गोष्टीला योग्य वेळी 'नाही' म्हणण्याला गुण नाहीत. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे.

आणखी एक पद्धत शिकण्यासारखी आहे. एखाद्या वापरणाऱ्याला कंपायलरची चूक सापडली, तर ती दुरुस्त करून तंत्रज्ञ थांबत नाहीत. ती चूक दाखवणारी लहानात लहान आज्ञावली तपासणी संग्रहात कायमची टाकतात आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला ती परीक्षा पुन्हा द्यायला लावतात. एकदा ठेच लागलेला दगड ते विसरत नाहीत. आपल्या गावच्या रस्त्यांचे, पाणीपुरवठ्याचे, दुष्काळी कामांचे असे किती दगड आहेत, की ज्यांची ठेच दर पिढीला नव्याने लागते!

मग एवढ्या परीक्षा झाल्या म्हणजे कंपायलर निर्दोष ठरला का? नाही. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच बजावून ठेवले आहे की, परीक्षेने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण इथे चालत नाही. भाताची सगळी शिते एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतात, म्हणून एक दाबून पाहिले की बाकीच्यांचे कळते. आज्ञावलीचे तसे नाही. एक भाग नीट चालला म्हणून शेजारचा चालेलच असे नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात 'सीस्मिथ' नावाचे एक साधन तयार केले गेले. ते सी भाषेतल्या वाटेल तशा, पण नियमात बसणाऱ्या आज्ञावल्या आपोआप लिहून कंपायलरांपुढे टाकते. २०११ साली त्या संशोधकांनी जाहीर केले की तीन वर्षांत त्यांना ३२५ हून अधिक नवीन चुका सापडल्या, आणि ज्या ज्या कंपायलरची परीक्षा घेतली त्या प्रत्येकाने केव्हा ना केव्हा काही न बोलता चुकीचे भाषांतर करून दिले. 'काही न बोलता' हे लक्षात घ्या. यंत्र बंद पडले तर आपण जागे होतो. यंत्र चालू राहून चुकीचे सांगू लागले तर कोण जागे करणार?

इथवर तंत्रज्ञांची बाजू झाली. त्यांनी दुभाष्याला साध्यात साध्या प्रश्नापासून अवघडात अवघड प्रश्नापर्यंत तपासले, नकार द्यायला लावला, जुन्या चुका पुन्हा पुन्हा विचारल्या. आता मी उरलेल्या अर्ध्या बाजूकडे वळते, आणि त्यासाठी मला माझ्या जिल्ह्याकडे यावे लागते.

आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील गेले आहेत, जातात, माझेही जातात. तिथे माणसे मोजण्याचे माप 'कोयता' आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल ठरते ती कोयत्यामागे. दोघांपैकी एक आजारी पडले तरी खाडा धरला जातो तो कोयत्याचा. नवरा ऊस तोडतो. बायको तोडते, मोळी बांधते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते आणि कोपीवर परतल्यावर भाकरीही थापते. पण मुकादमाच्या वहीत बहुधा एकच नाव असते, आणि ते तिचे नसते. जोडीदार नसलेल्या एकट्या माणसाला म्हणतात 'अर्धा कोयता'.

आता समजा, उद्या कोणी या कामाचा हिशेब संगणकावर आणला. आणला पाहिजे, त्यात वाईट काही नाही. तो आज्ञावली लिहिणारा गावी येईल, मुकादमाला विचारेल, 'तुम्ही हिशेब कसा ठेवता?' मुकादम सांगेल, 'कोयत्यावर.' तो बिचारा प्रामाणिकपणे 'कोयता' नावाचा वर्ग लिहील. त्यात एक नाव, एक उचल, एक बँक खाते, एकूण टन. मग वरच्या पाचही परीक्षा घ्या. दोन कोयत्यांचे हिशेब एकमेकांत मिसळणार नाहीत. प्रत्येक कोयत्याला आपला पत्ता असेल. बाहेरच्या कोणाला आत हात घालता येणार नाही. कंपायलर पैकीच्या पैकी गुण मिळवील. आणि माझी आई त्या संपूर्ण आज्ञावलीत कुठेही असणार नाही.

यंत्राने तिला नाकारले असे नाही. तिच्यासाठी वर्गच लिहिला नाही. कंपायलर हे पाहतो की तुम्ही जी व्याख्या केली ती इमानाने पाळली गेली की नाही. व्याख्या न्याय्य आहे का, हे तो पाहू शकत नाही, आणि त्याने पाहावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. रिकाम्या वस्तूलाही एक बाइट जागा देणारा नियम, व्याख्येत मुळी नसलेल्या बाईला अर्धा बाइटही देऊ शकत नाही.

कोणी म्हणेल, 'हा दोष संगणकाचा नाही, समाजाचा आहे.' अगदी बरोबर, आणि माझे म्हणणे तेच आहे. फरक एवढाच की, वहीतली चूक मुकादमाशी भांडून दुरुस्त करता येते, समासात चार शब्द लिहून घेता येतात. आज्ञावलीत समास नसतो. एकदा व्याख्या गोठली की खिडकीपलीकडचा कारकून म्हणतो, 'मी काय करू? यंत्र घेत नाही.' आमच्या घराचीच गोष्ट. पौष महिन्यात एका पाहणीला माणसे आली, घराला कुलूप होते, आणि यादीत शेरा पडला की कुटुंब आढळले नाही. कुटुंब होते; फडावर होते. पण त्या नमुन्यात 'सहा महिने इथे, सहा महिने तिथे' असा रकानाच नव्हता. घर आहे किंवा नाही, एवढेच दोन पर्याय. शेरा काढून घ्यायला वडिलांना पुढे तीन हेलपाटे घालावे लागले आणि तीन दिवसांची मजुरी बुडाली.

दुसरे कोणी म्हणेल, 'जिथे प्यायला पाणी नाही, पोरांना नोकऱ्या नाहीत, तिथे या वर्ग-वस्तूंची चर्चा म्हणजे चैन आहे.' मला तसे वाटत नाही. शिष्यवृत्ती, धान्य, पीकविमा, ओळखपत्र, यांपैकी आज कोणती गोष्ट संगणकाच्या यादीतून जात नाही? ज्याच्याकडे पैसा आणि ओळख आहे तो यादी चुकली तरी वाट काढतो. चुकीच्या व्याख्येचा मार बसतो तो ज्याला यादीवाचून दुसरा आधार नाही त्याला. म्हणून हा प्रश्न पोट भरलेल्यांचा नसून आपलाच आहे.

या ठिकाणी मला क्रिस्टेन न्यूगोर पुन्हा आठवतात. वर्ग आणि वस्तू यांची कल्पना जगाला देणारा हा माणूस पुढे, १९७० नंतरच्या काळात, आपल्या देशातल्या लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम करू लागला. कारखान्यात संगणक येणार असेल तर तो कसा यावा, याविषयी कामगाराला समज असावी आणि बोलण्याचा हक्क असावा, असा त्याचा आग्रह होता. डाल आणि न्यूगोर यांना २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि २००२ साली दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने वारले. त्यांची भाषा आज फारसे कोणी वापरत नाही, पण त्यांची कल्पना घेऊन चालणाऱ्या भाषा जगभर आहेत. कामगारांविषयीचा त्यांचा आग्रह मात्र त्या भाषांबरोबर आपल्यापर्यंत पोहोचला नाही. ते काम शिल्लक आहे.

हे काम कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावे असे मला वाटते. वर्ग कसे पाडले जातात, कोणाच्या सोयीने पाडले जातात आणि त्यात कोण बाहेर राहतो, हाच तर समाजशास्त्राचा, इतिहासाचा, तर्कशास्त्राचा अभ्यास आहे. सी प्लस प्लसमधल्या वस्तूला जन्मतः मिळालेला वर्ग तिच्या अखेरपर्यंत बदलत नाही. माणसाचे तसे नसते, नसावे. आपल्या विद्यापीठाला ज्या महामानवाचे नाव आहे त्याने जन्मभर हेच सांगितले. तेव्हा माणसाला वस्तूच्या रकान्यात बसवताना कोणीतरी शेजारी उभे राहून प्रश्न विचारले पाहिजेत.

यासाठी दोन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. एक, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास कला आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. वर सांगितलेल्या पाच परीक्षा कोणालाही महिनाभरात करता येतील. त्याने आपली यंत्राविषयीची भीती जाईल, आणि आंधळी भक्तीही जाईल.

दुसरी सूचना समाजशास्त्राच्या प्रकल्पांविषयी. आपण दरवर्षी प्रश्नावल्या भरून आणतो आणि त्या कपाटात जातात. त्याऐवजी गावात वापरले जाणारे अर्जाचे नमुने गोळा करावेत, आणि कंपायलरला तपासतात तसे त्यांना तपासावे. पाच माणसे डोळ्यांसमोर ठेवावीत: सहा महिने घराला कुलूप असलेले कुटुंब; एकटीने ऊस तोडणारी विधवा; अर्धे वर्ष एका शाळेत आणि अर्धे दुसऱ्या शाळेत असणारे मूल; लग्नानंतर कागदोपत्री दोन नावे झालेली बाई; आणि ज्याच्या बोटांचे ठसे कोयता व पाचटाने झिजून गेले आहेत असा म्हातारा. प्रत्येकासाठी योग्य उत्तर काय यावे ते आधी कागदावर लिहावे. मग अर्ज भरून पाहावा. जिथे उत्तर चुकेल ती जागा, तारीख घालून, संबंधित कार्यालयाला लेखी कळवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती परीक्षा जपून ठेवून पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी, म्हणजे नवा नमुना आला की तीच पाच माणसे पुन्हा त्याच्यापुढे उभी राहतील.

आपल्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. माझ्यासारखे या वर्गात, या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. आपण शिकून काय करणार, असे घरची माणसे विचारतात तेव्हा नोकरीखेरीज दुसरे उत्तर आपल्याला सुचत नाही. एक उत्तर हे असू शकते: ज्या याद्यांमध्ये आमची माणसे मावत नाहीत, त्या याद्यांच्या व्याख्या आम्ही वाचू, तपासू, आणि चुकल्या असतील तिथे 'नाही' म्हणू. कंपायलरकडून आपण एवढी अपेक्षा करतो. शिकलेल्या माणसाकडून त्याहून कमी करू नये.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)